चौकातलं ओळखपत्र

सकाळी उद्यमबागेची बस यायच्या आधी मी थांब्यावर उभी राहून फोनवर माझंच नाव शोधते. आधी नाव आणि आडनाव, मग नाव आणि गाव, मग इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडेतिकडे करून. माझ्या नावाच्या बायका बऱ्याच आहेत. एक नागपुरात दातांची डॉक्टर आहे. एकीला शाळेत लांब उडीत बक्षीस मिळालं होतं, ती अजून त्या फोटोत पदक दातात धरून उभी आहे. एकीचं स्थळ लग्नाच्या कुठल्याशा साइटवर कधीपासून पडून आहे. या सगळ्या आता मला ओळखीच्या वाटतात. त्या पुढे उभ्या असल्या की मागची मी दिसत नाही. त्यांच्यात माझा चेहरा नाही एवढं बघून झालं की फोन पर्समध्ये टाकते. मग श्वास जरा खाली बसतो.

असं का करावं लागतं ते आधीच सांगते. बेळगावला परत यायच्या आधी मी पुण्यात नोकरीला होते. आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या कंपनीत एकजण होता. कँटीनमध्ये दोन-चारदा बोललो असू. नंबर मी दिला नव्हता, त्यानं मिळवला. तो घाणेरडं काही लिहायचा नाही. तसं लिहिलं असतं तर कुणाला तरी दाखवता आलं असतं. तो लिहायचा, 'आज निळा कुडता.' 'आज रिक्षा लवकर मिळाली.' 'शनिवारी खिडकी बंद होती, गावी गेलीस?' ब्लॉक केलं की दुसऱ्या नंबरावरून यायचं, तिसऱ्या नंबरावरून यायचं. माझ्या खोलीची खिडकी त्याला कशी कळली हे मला पुष्कळ दिवस समजेना. मग माझेच जुने फोटो चाळताना दिसलं. चहाच्या कपाचा फोटो होता, मागे खिडकी, आणि खिडकीतून समोरच्या मेडिकलची पाटी स्वच्छ वाचता येत होती.

मी नोकरी सोडली. नंबर बदलला, खाती बंद केली. घरी सांगितलं की पुण्याचं पाणी मानवलं नाही. आईला ते लगेच पटलं, कारण मी खरंच बारीक झाले होते.

बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात व्हॉल्व्हची ड्रॉइंगं काढायचं काम मिळालं. टिळकवाडीत एका बाईंच्या घरी वरची खोली घेतली. घरचे धरून मोजक्याच लोकांना नवा नंबर दिला. प्रोफाइलला फोटो म्हणून एक जास्वंद ठेवली, तीसुद्धा माझ्या दारातली नाही. फोनमधलं लोकेशन बंद. पासवर्ड विसरला तर विचारायचे म्हणून जे खासगी प्रश्न असतात, त्यांची उत्तरं मी सगळी खोटी दिली आहेत. माझं आजोळ निपाणीकडचं. पण माझ्या खात्यांमध्ये माझं आजोळ जांबोटी आहे, जिथं मी कॉलेजात असताना एकदाच धबधबा बघायला गेले होते. माझा तिथला वाढदिवसही वेगळा आहे. त्या दिवशी मला कंपन्यांच्या शुभेच्छा येतात आणि मला बरं वाटतं, कारण त्या कुणा दुसरीलाच चाललेल्या असतात.

पण शनिवारी संध्याकाळी गावच्या बसमध्ये बसलं की ही सगळी व्यवस्था पहिल्या थांब्यापर्यंतसुद्धा टिकत नाही. आमचं गाव बेळगुंदीच्या पुढं, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. बसमध्ये शेजारी कुणीतरी म्हातारी असतेच.

"कुणाची गं तू?"

मी वडिलांचं नाव सांगते.

"म्हंजे आप्पाची पुतणी. आई निपाणीकडची न्हवं तुझी? तुझ्या बारशाला आलतो की आम्ही. लई ऊन हुतं, होळी झालती नुकतीच."

"हो."

"हो काय म्हणत्यास? व्हय म्हण. इंग्लिस साळंचं हाय वाटतं पाणी."

पुढच्या सीटवरचे दोघे वळून बघतात. आजोळ झालं, जन्माचा महिना झाला, शाळा झाली. जे प्रश्न कंपन्यांनी फक्त मलाच उत्तर माहीत असावं म्हणून ठेवलेत, त्यांची उत्तरं कंडक्टरलाही पाठ झालेली असतात. म्हातारीच्या मनात वाईट काहीच नसतं. आमच्याकडे न विचारणं म्हणजे माणसाला माणसात न धरणं. हे मला कळतं. तरी मी खिडकीकडे तोंड करून पर्स पोटाशी धरते.

आप्पा म्हणजे माझे थोरले काका. गावची लक्ष्मीची यात्रा बऱ्याच वर्षांनी यंदा भरणार होती आणि आप्पा यात्रा कमिटीत होते. अशी यात्रा आली की घरंच्या घरं रंगवून निघतात, दिलेल्या लेकी माहेरी येतात आणि ओळखीपाळखीच्या सगळ्यांना मटणाच्या जेवणाचं आवतान जातं. आणि चौकात डिजिटल लागतात. मोठ्या फ्लेक्सला आमच्याकडे डिजिटलच म्हणतात. वर देवी, खाली पुढारी, त्याखाली शुभेच्छुक म्हणून गल्लीतली सगळी पोरं गॉगल लावून.

आप्पा यात्रेच्या आधी बरेच दिवस माझ्या मागे लागले होते. "एक फोटो दे गं. चांगला, हसलेला."

"माझ्याकडे नाही आप्पा."

"फोन एवढा मोठा, आणि फोटो न्हाय?"

मी हसून विषय बदलला. मला वाटलं संपलं.

मग एक दिवस सकाळी थांब्यावर मी नेहमीसारखं नाव टाकलं. नागपूरची डॉक्टर आली. पदकवाली आली. आणि त्यांच्या मध्ये एका स्थानिक बातम्यांच्या पेजचा व्हिडिओ आला, 'यात्रेची जय्यत तयारी.' खाली गावातल्या कर्तबगार लोकांची नावं लिहिली होती, त्यात माझं. मी आवाज बंद करून तो लावला. कॅमेरा चौकातून फिरत फिरत एका डिजिटलवर येऊन थांबला. 'गावचा अभिमान' असं वर लिहिलेलं. एका ओळीत वर्दीतले जवान, एक पोलीस. आणि त्यांच्या शेजारी, त्यांच्याहून मोठं, माझं ओळखपत्र.

नुसता फोटो नाही. अख्खं कार्ड. वरच्या भोकात अडकवलेली निळी फीतसुद्धा छापली होती. कारखान्याचं नाव, माझा हुद्दा, कामगार क्रमांक, टिळकवाडीचा पत्ता, रक्तगट. आणि अगदी खाली, तातडीच्या वेळी संपर्क म्हणून, आईचा मोबाइल नंबर.

मागच्या रविवारी गावी गेले तेव्हा मी ते कार्ड घरात दारामागच्या खिळ्याला अडकवलं होतं. आप्पांनी तिथंच त्याचा फोटो काढला असणार.

बस आली आणि गेली. मी तिथंच उभी होते. खोली, कारखाना, त्यांवरून कळणारा थांबा, हे तिन्ही आता त्या एका चौकोनात होते. आणि ज्याच्यापासून मी हे लपवलं होतं, त्याला माझं नाव तर ठाऊक होतंच. मी रोज शोधते तसं तोही शोधत असेल का, हे मी आजवर स्वतःला विचारू दिलं नव्हतं. पेजवाल्याला इंग्रजीत मेसेज केला, व्हिडिओ काढून टाका, त्यात माझी खासगी माहिती आहे. त्याचं लगेच उत्तर आलं, 'ताई, लोकांना लय आवडलाय. अभिनंदन!!' आणि पुढे जोडलेल्या हातांचं चित्र.

कारखान्यात पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि गावची बस धरली. एक माणूस माझ्याकडे दोनदा बघत होता. दुसऱ्यांदा म्हणाला, "डिजिटलवर हायसा न्हवं तुम्ही?"

आप्पा चौकात शिडीला हात लावून उभे होते. वर एकजण बल्बांच्या माळा बांधत होता, खाली कमिटीतले दोघे-तिघे त्याला शिकवत होते. मला बघून आप्पांचा चेहरा उजळला.

"आलीस? बघ. कसं दिसतंय?"

"आप्पा, हे काढायला पाहिजे."

"का गं? नाक वाईट आलंय?"

सगळे हसले. शिडीवरचाही हसला.

"अख्खं कार्ड का लावलंत पण?"

"मग काय करू? फोटो मागितला तर देईनास. आणि नुसता फोटो लावला असता तर लोकं काय म्हणत्यात ठावं हाय? खालच्या गल्लीचा पाटील म्हणाला, उद्यमबागेत हाय म्हंजे पॅकिंगला असंल पोरगी. म्हटलं थांब बाबा, आता कार्डच लावतो. वाच म्हणावं. डिझाइन इंजिनीर. कंपनीचा शिक्का बी हाय."

"त्यावर आईचा नंबर आहे."

"मग? चोरीचा हाय व्हय? अख्ख्या गावाकडं हाय त्यो."

"माझा रक्तगट पण आहे."

"रगात लागलं कुणाला तर बरंच की."

मी हळू म्हटलं, "आप्पा, हे सगळं इंटरनेटवर गेलंय. सुरक्षित नसतं."

"कुणापासनं?"

त्यांनी साधंच विचारलं होतं. चौकात, एवढ्या पुरुषांसमोर, निळ्या कुडत्याचं कसं सांगायचं? मी खाली बघितलं, आणि आप्पांनी त्याचा वेगळाच अर्थ लावला.

"गावाच्या डिजिटलवर बसायची लाज वाटत्या व्हय तुला?"

"तसं नाही आप्पा—"

"कॉन्व्हेंटची हाय ती," कमिटीतला एकजण म्हणाला. "तिला इंग्लिसमधी पायजे हुता बोर्ड."

पुन्हा हसणं. आप्पा नाही हसले. "यात्रा झाली की निघंल," म्हणाले आणि वळून माळा बांधणाऱ्यावर उगाच ओरडले.

घरी आई सोप्यात चादर पसरून मसाल्याच्या मिरच्यांची देठं काढत होती. मला आडदिवशी बघून ती उठलीच.

"बरी हायस न्हवं? अगं, आज सकाळीच तुझ्या मित्राचा फोन आलता."

"कुठला मित्र?"

"पुण्याचा. लई गोड बोलला. मला आईच म्हणाला. तुझं अभिनंदन केलं, आणि विचारलं, नंबर बदलला काय तिनं?"

"दिलास?"

"मला कुठं पाठ हाय तुझा नवा नंबर? फोन कानाला हुता, बघणार कसा? म्हटलं पोरगीला विचारून सांगते." ती पुन्हा मिरच्यांकडे वळली. "आणि म्हटलं, एवढा वळखीचा हायस तर यात्रंला ये की बाबा जेवायला. चौकातनं डावीकडं वळलास की तिसरं घर."

मी तिथंच चादरीच्या कडेला बसले. शेजारी मिरच्यांचा ढीग होता. मी एक मिरची उचलली, देठ काढलं, दुसरी उचलली. हात थांबला असता तर बोलता आलं नसतं. तसंच खाली बघत मी तिला सांगितलं. कँटीन, नंबर, खिडकी, मेडिकलची पाटी. 'आज निळा कुडता' हे मराठीत मोठ्यानं म्हणताना मला माझीच लाज वाटली, कारण ऐकायला ते काहीच नव्हतं. आईला तरी ते काहीच वाटणार नाही अशी मला भीती होती.

आईचा हात थांबला.

"कुणाचा त्यो?"

"माहीत नाही."

"गाव कुठलं?"

"माहीत नाही, आई. आडनाव सांगितलं होतं, तेही खरं की खोटं…"

"म्हंजे त्याला तुझं समदं ठावं, आणि तुला त्याचं काय बी ठावं न्हाय?"

इतके दिवस मी हे स्वतःला इतक्या सरळ सांगितलं नव्हतं. मी मान हलवली.

"आणि तू मला पाणी सांगितलंस," ती म्हणाली. "पुण्याचं पाणी. मी अख्ख्या गावाला सांगत फिरली, पुण्याचं पाणी वाईट हाय म्हणून. एकजणीनं तर पोराला पाठवताना गॅलनभर पाणी बांधून दिलं." तिचा आवाज बदलला. हसते आहे की रडते आहे ते मला कळेना. बहुतेक तिलाही कळत नसावं. मग तिनं हात पदराला पुसले आणि चपला न घालताच बाहेर पडली.

आई आप्पांसमोर कधी मोठ्यानं बोललेली नाही. थोरला दीर, त्यामुळे डोक्यावरचा पदरही सरकू देत नाही. त्या दिवशी ती चौकात जाऊन त्यांना बाजूला घेऊन बोलताना मी दारातून पाहिलं. पदर खांद्यावर होता. शब्द ऐकू येत नव्हते. आप्पा आधी हात हलवत होते, मग नुसते उभे राहिले. मग त्यांनी माळा बांधणाऱ्याला खाली उतरवलं, शेजारच्या घरातून विळा मागून घेतला आणि स्वतः शिडी चढले.

विळ्यानं फ्लेक्स फाडतानाचा आवाज घरापर्यंत आला. त्यांनी कार्ड चारी बाजूंनी नीट कापून काढलं. जवान तसेच राहिले, पोलीस राहिला, आणि त्यांच्या शेजारी एक चौकोनी भोक झालं. त्यातून मागच्या घराची कौलं आणि वाळत घातलेली एक लुंगी दिसू लागली.

"आता लोकं विचारतील की, हितं कोण हुतं?" कमिटीतला तोच माणूस म्हणाला.

"सांग, आमदाराला जागा ठेवल्या," आप्पा वरूनच म्हणाले.

कापलेला तुकडा त्यांनी घडी घालून काखेत धरून घरी आणला. फेकायचा कुठं हे त्यांना सुचत नव्हतं. शेवटी गोठ्याच्या छपराला एक फट होती, तिथं आतल्या बाजूला खिळ्यांनी ठोकला, छापलेलं अंग पत्र्याकडे करून. ठोकून झाल्यावर हातोडी हातात धरूनच म्हणाले, "पुण्याला असताना फोन केला असतास तर आलो असतो की गं मी. नुसतं ये म्हणायचं हुतंस."

मी व्हय म्हटलं.

पेजवाल्याला आप्पांनी माझ्यासमोर फोन लावला. "यात्रंला जेवायला येणार हायस न्हवं? मग आधी त्यो व्हिडिओ काढ. न्हाय काढलास तर ताट वाढणार न्हाय." चहा होईपर्यंत व्हिडिओ गेला. माझ्या सभ्य इंग्रजी मेसेजला जे जमलं नव्हतं ते मटणानं केलं. पण तोवर तो किती जणांनी पुढे पाठवला असेल, कुणी नुसता फोटो काढून ठेवला असेल, हे आप्पांनाही विचारून कळणार नव्हतं. आणि ज्यानं बघायचा त्यानं तर बघितला होताच.

दुसऱ्या दिवशी आई आणि मी बेळगावला सायबर पोलिसांकडे गेलो. पुण्याचे सगळे मेसेज मी पुसले असतील असं मला स्वतःलाच वाटत होतं, पण एका आडबाजूच्या फोल्डरमध्ये त्यांचे स्क्रीनशॉट होते. कधीतरी लागतील म्हणून ठेवले होते आणि मग तिकडे बघवत नव्हतं. समोरच्या बाईंनी ते एकेक करून वाचले. निळ्या कुडत्यावर त्या हसल्या नाहीत. आधी कानडीत आणि मग मराठीत म्हणाल्या, घाबरू नका. आईला म्हणाल्या, "नंबर बदलू नका. फोन आला तर घ्या, आलेला नंबर आम्हाला कळवा. फक्त त्याला काही सांगू नका."

"काय बी सांगायचं न्हाय?" आईनं पुन्हा विचारलं.

"काहीच नाही."

परतताना बसमध्ये शेजारच्या बाईनं आईला विचारलं, कुठं गेलता मायलेकी? आईनं तोंड उघडलं, मिटलं, आणि माझ्याकडे बघितलं. "बाजारला," ती म्हणाली. पिशवी रिकामी होती. बाईनं पिशवीकडे बघितलं. माझ्या आठवणीत आईनं रस्त्यावर सांगितलेलं हे पहिलं खोटं.

कारखान्यात मी वेळ बदलून घेतली. थांबा बदलला, वाट बदलली. टिळकवाडीच्या बाईंना सांगून ठेवलं की कुणी विचारत आलं तर अशी कुणी इथं राहत नाही. रस्त्यात मागे कुणी फोनवर बोलत चाललं तरी मी बाजूला होऊन त्याला पुढे जाऊ द्यायचे. एका रात्रीत सवय लागावी तशी प्रत्येक फोनच्या थरथरीला पाठीचा कणा ताठ व्हायला लागला, आणि बहुतेक वेळा तो मेसेज कुठल्यातरी साडीच्या सेलचा असायचा.

यात्रा आली. देवी गदगेवर, म्हणजे यात्रेसाठी बांधलेल्या ओट्यावर, बसली, आणि भंडाऱ्यानं रस्ते, बैल, मोटारसायकली, माणसं सगळं पिवळं झालं. गावात एवढी गर्दी होती की ओळखीचे चेहरेही ओळखू येत नव्हते, आणि तेच मला नको होतं. एकटा तरुण दिसला की माझे डोळे त्याच्या चपलांवर जायचे, कारण चेहऱ्याकडे बघायचं धैर्य नव्हतं. आप्पांनी कमिटीच्या लोकांना काय सांगितलं होतं कुणास ठाऊक, पण चौकात खुर्च्या टाकून ते बसले होते आणि डावीकडे वळणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाला अडवत होते.

"या, या. कुणाचं पावणं?"

फुगे विकायला आलेल्या एका माणसाला त्यांनी गाव, तालुका, मेहुण्याचं नाव असं सगळं विचारलं. तो बिचारा सगळी उत्तरं देत राहिला. शेवटी त्यांनी त्याला जेवायलाच बसवला.

आईचा फोन यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वाजला. घर पाव्हण्यांनी भरलं होतं, पंगत उठत होती. नंबर नवा होता. आईनं माझ्याकडे बघितलं, स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावला. आप्पा हात धुवायला आत आले होते, ते तसेच ओल्या हातांनी थांबले.

"आई, मी बोलतोय. पुण्याहून. मागं बोललो होतो बघा." आवाज तोच, मऊ. माझे दोन्ही हात ओट्याच्या कडेला चिकटले.

"व्हय बाबा," आई म्हणाली. "बोल की. जेवलास?"

"हो. आई, तिचा नंबर देणार होता तुम्ही."

"देते की. त्या दिवशी गडबडीत इचारायचं राहिलं बघ. कुणाचा तू?"

"मी… तिच्या ऑफिसमधला."

"त्ये झालं. बापाचं नाव काय?"

त्यानं अडखळत एक नाव सांगितलं.

"आणि गाव?"

त्यानं एक शहर सांगितलं.

"ते झालं मोठं शहर. मूळ गाव कुठलं? तालुका कुठला? आईचं माहेर कुठलं तुझ्या?"

"आई, मला जरा घाई आहे, तुम्ही नुसता नंबर—"

"घाई कसली? यात्रा हाय. घरात कोण कोण असतंय? भैन हाय तुला? तिला दे बरं फोन."

"ती इथं नाही."

"मग आईला दे."

"आईला कशाला?"

"आवतान द्यायचं हाय. नुसत्या पोराला कसं जेवायला बोलवू? तुझ्या आईचा नंबर सांग, मी लावते. हं, सांग." आईनं हातातलं झाकण बाजूला ठेवलं, जणू खरंच नंबर लिहायला हात मोकळा करत होती.

पलीकडे कुठंतरी गाडीचा हॉर्न वाजला.

"का रं? माझा नंबर तुला गावला, मग तुझ्या आईचा मला नको?"

फोन बंद झाला.

"आवतान न घेताच ठेवला की गं," आई म्हणाली. तिनं झाकण पुन्हा भांड्यावर ठेवलं. आप्पांनी ओले हात धोतराला पुसले, फोन उचलला आणि मला दिला. "त्या पोलीसबाईस्नी नंबर कळव." मग पंगतीत मीठ कमी पडलं म्हणून बाहेरून कुणीतरी ओरडलं आणि दोघे बाहेर गेले.

नंबर मी तिथूनच कळवला. त्याचं पुढे काय झालं ते मला पूर्ण माहीत नाही. त्या बाईंचा एकदा फोन आला, त्याला बोलावून समज दिली आहे, तक्रार चालू आहे, पुन्हा काही झालं तर लगेच सांगा. त्यानंतर काही आलेलं नाही. याचा अर्थ तो थांबला असा घ्यायचा, की नुसता बघतो आहे असा, हे मला ठरवता येत नाही. वाट मी अजून बदलूनच जाते. चौकातलं डिजिटल यात्रेनंतर उतरलं. गोठ्यातला तुकडा तिथंच आहे, पत्र्याकडे तोंड करून.

आणि सकाळी मी अजून नाव शोधते. नागपूरच्या डॉक्टरबाईंनी फोटो बदलला आहे, चष्मा लागला आहे त्यांना. आईला हे सगळं सांगितल्यापासून ती त्या वेळेला फोन करते. माझा नवा नंबर आता तिला पाठ आहे. मागून कोंबड्यांचा आवाज येत असतो आणि ती नमस्कार-चमत्कार काही न करता सरळ विचारते.

"गावलीस काय गं आज?"

"नाही."

"नीट बघितलंस? इंग्लिसमधी बी?"

"व्हय."

"मग जा कामाला," ती म्हणते, आणि मी बस येते का बघते.